‘स्टेप डाऊन’ कुठं वापरायचं, कुठं नाही

आपल्या बेळगाव सीमाभागात इंग्लिश लिहायची वेळ नको तिथं येते. पंचायतीचा अर्ज कन्नडमध्ये, घरचं बोलणं मराठीत, आणि ज्याला दोन्हीकडच्या माणसांनी वाचायचंय असा कागद मग इंग्लिशमध्ये. सोसायटीचा चेअरमन बदलला, मंडळाचा अध्यक्ष बाजूला झाला, उद्यमबागेतल्या युनिटचा मॅनेजर सोडून गेला की ग्रुपवर दोन ओळी इंग्लिशमध्ये टाकायचं काम कुणाच्या तरी गळ्यात पडतंय, आणि तो बिचारा पेपरात वाचलेलं ‘स्टेप डाऊन’ उचलून चिकटवून देतो कारण ‘रिझाइन’पेक्षा ते भारदस्त वाटतं. कधी बरोबर बसतं, कधी भलताच अर्थ होतो. तर हे नेमकं कसं वापरायचं ते सांगतो.

आधी सरळ अर्थ. स्टेप डाऊन म्हणजे पद सोडणं. नोकरी सोडणं नव्हे, पद सोडणं, हा फरक डोक्यात ठेवला की निम्मं काम झालं. अध्यक्ष, चेअरमन, कॅप्टन, मंत्री, सीईओ, व्हाईस चान्सलर, राजा, पोप, ही माणसं स्टेप डाऊन करतात. फाउंड्रीतला मोल्डर, बँकेतला क्लार्क, शोरूममधला सेल्समन स्टेप डाऊन करत नाही, तो नोकरी सोडतो. यात लहान-मोठा माणूस असला काही प्रश्न नाही, भाषेची रीत तशी आहे, खाली उतरायचं म्हणजे आधी वर चढलेलं पाहिजे. ओळखायचं कसं विचाराल तर एक सोपी युक्ती: हा माणूस गेल्यावर ‘आता त्याच्या जागी कोण’ असं गाव विचारतंय का? विचारत असेल तर स्टेप डाऊन चालतंय. नुसतं एचआरच विचारत असेल तर ‘रिझाइन’ किंवा ‘लेफ्ट द जॉब’ म्हणा आणि मोकळे व्हा.

मराठीत याला अगदी जवळचा शब्द आहेच, पायउतार होणे. चित्र तेच, खुर्चीवरून खाली येणं. पण दोन्हीच्या चवीत फरक आहे. ‘मुख्यमंत्री पायउतार’ असं हेडिंग वाचलं की आपल्याला लगेच वाटतं, काहीतरी झालं, कुणीतरी खाली खेचलं. इंग्लिशमधलं स्टेप डाऊन तसं चुगली करत नाही. माणूस हौसेनं गेला, आजारपणानं गेला, वय झालं म्हणून गेला, वरून फोन आला म्हणून गेला, सगळ्याला तोच एक शब्द. म्हणूनच तर पेपरवाले आणि कंपनीवाले त्याच्यावर जीव टाकतात, कारण कुणाला दुखवायचं नसलं की हा शब्द पदर घालून देतो. तुम्हाला दबाव दाखवायचाच असेल तर तो वेगळा शब्द लावून दाखवायला लागतो: ‘वॉज फोर्स्ड टू स्टेप डाऊन’ म्हणजे भाग पाडलं, ‘वॉज आस्क्ड टू स्टेप डाऊन’ म्हणजे जायला सांगितलं, ‘रिफ्यूज्ड टू स्टेप डाऊन’ म्हणजे खुर्चीला चिकटून बसला. हा शेवटचा प्रकार आपल्याकडे जास्त लागतो, पाठ करून ठेवा.

आता वाक्य कसं बांधायचं. पदाचं नाव घ्यायचं असेल तर पुढं ‘अ‍ॅज’ येतं: ‘मिस्टर पाटील हॅज स्टेप्ट डाऊन अ‍ॅज चेअरमन ऑफ द सोसायटी.’ पदासाठी किंवा ज्या मंडळीतून तो बाहेर पडला त्यासाठी ‘फ्रॉम’: ‘स्टेप्ट डाऊन फ्रॉम द बोर्ड’, ‘स्टेप्ट डाऊन फ्रॉम द पोस्ट ऑफ सेक्रेटरी’. ‘फ्रॉम चेअरमन’ असं लिहू नका, ‘अ‍ॅज चेअरमन’ किंवा ‘फ्रॉम द पोस्ट ऑफ चेअरमन’. ज्या भानगडीमुळं गेला ती सांगायची असेल तर ‘ओव्हर’: ‘स्टेप्ट डाऊन ओव्हर द लोन इश्यू’. दुसऱ्याला जागा करून दिली असेल तर ‘इन फेवर ऑफ’, आणि हे आपल्या पंचायतींना फार उपयोगी, कारण निवडीच्या वेळी आधीच ठरलेलं असतं ना, अर्धी टर्म तुझी, अर्धी माझी. तो ठरल्या दिवशी खरंच उतरला (कधी कधी उतरतात पण) तर ‘स्टेप्ट डाऊन इन फेवर ऑफ’ लिहून पुढं नवीन माणसाचं नाव टाकायचं, बास. जाता जाता, पलीकडे महाराष्ट्रात चंदगडला गेलात की सरपंच असतो आणि आपल्याकडे ग्रामपंचायतीला अध्यक्ष असतो, इंग्लिशमध्ये त्याला प्रेसिडेंट म्हणा. कोल्हापूरच्या पाहुण्याला कळावं म्हणून ‘सरपंच’ लिहाल तर पीडीओ (पंचायत विकास अधिकारी) साहेब कपाळाला हात लावतील.

स्पेलिंगमध्ये भूतकाळाला पी दोनदा येतो आणि उच्चार ‘स्टेप्ट’ असा एका दमात, ‘स्टेपेड’ नाही. आणि हे क्रियापद स्वतःपुरतंच आहे. माणूस स्वतः स्टेप डाऊन होतो, त्याला कुणी स्टेप डाऊन करत नाही. ‘द मेंबर्स स्टेप्ट डाऊन द प्रेसिडेंट’ हे वाक्य मराठीत विचार करून लिहिलेलं आहे, सदस्यांनी अध्यक्षाला उतरवलं. इंग्लिशमध्ये ते होत नाही. अविश्वास ठराव आणून काढलं असेल तर सरळ ‘वॉज रिमूव्हड थ्रू अ नो-कॉन्फिडन्स मोशन’ किंवा ‘वॉज व्होटेड आऊट’ लिहा. टाटांचं उदाहरण घ्या. रतन टाटा डिसेंबर २०१२ मध्ये वयाची ७५ पूर्ण झाल्यावर टाटा सन्सच्या चेअरमनपदावरून गेले, तिथं स्टेप डाऊन अगदी फिट बसतं. त्यांच्यानंतर आलेल्या सायरस मिस्त्रींना ऑक्टोबर २०१६ मध्ये बोर्डानं हटवलं, तिथं ‘रिमूव्हड’ नाहीतर ‘आउस्टेड’. दोन्हीकडे खुर्ची एकच, शब्द बदलला कारण पाय कुणी हलवला ते बदललं.

अजून एक गोष्ट लोकांच्या लक्षात येत नाही. स्टेप डाऊन केलं म्हणजे माणूस घरी गेला असं नाही. विराट कोहलीनं जानेवारी २०२२ मध्ये दक्षिण आफ्रिकेतली सिरीज हरल्यावर टेस्ट कॅप्टनसी सोडली, पण बॅट घेऊन मैदानात येतच होता, टेस्टमधून निवृत्त झाला ते थेट मे २०२५ ला. धोनीनं जानेवारी २०१७ मध्ये वनडे आणि टी-ट्वेंटीची कॅप्टनसी सोडली आणि मग कोहलीच्या हाताखाली विकेटकीपिंग करत राहिला. दोघांनी स्टेप डाऊन केलं, रिटायर झाले नाहीत. बिल गेट्सचं तर टप्प्याटप्प्यानं आहे, २००० मध्ये सीईओपद सोडलं पण चेअरमन राहिला, आणि बोर्डातून बाहेर पडला मार्च २०२० ला. त्यामुळं तुमच्या पतसंस्थेचा चेअरमन नुसता चेअरमनपद सोडून संचालक म्हणून राहणार असेल तर लिहा ‘ही हॅज स्टेप्ट डाऊन अ‍ॅज चेअरमन बट विल रिमेन अ डायरेक्टर’. नाहीतर दुसऱ्या दिवशी ठेवीदार दारात, काय ओ, साहेबांनी सोसायटी सोडली म्हणे, माझी एफडी देऊन टाका. एका अर्धवट वाक्यानं एवढं होऊ शकतंय, निपाणी-चिक्कोडीकडच्या संस्थांमध्ये बसलेल्या माणसाला हे सांगायला नको.

मास्तर साठीला शाळेतून बाहेर पडले तर ते ‘रिटायर्ड’. कर्नाटक सरकारच्या नोकरीत वय ६० झालं की जायचंच असतंय, त्यात उतरण्या-चढण्याचा प्रश्न नाही. महापौराची वर्षाची मुदत संपली तर ‘कम्प्लीटेड हर टर्म’. मुदत संपायच्या आत स्वतःहून गेली तरच स्टेप डाऊन. निरोप समारंभाच्या इंग्लिश कार्डावर ‘ऑन स्टेपिंग डाऊन फ्रॉम सर्व्हिस’ असलं काही छापू नका प्लीज.

मग रिझाइन कुठं? रिझाइन सगळीकडे चालतं, क्लार्कलाही आणि पंतप्रधानालाही. पण दोन्ही शब्दांचं वजन सारखं नाही. स्टेप डाऊन शांत आहे. रिझाइनमध्ये निर्णय दिसतो, कागद दिसतो, वेळप्रसंगी रागही दिसतो. १९५६ साल आपल्या भागात कुणाला समजावून सांगायला नको, १ नोव्हेंबरला आपण म्हैसूर राज्यात, म्हणजे आजच्या कर्नाटकात गेलो. त्याच वर्षी मुंबई महाराष्ट्रापासून तोडण्याच्या प्रश्नावर चिंतामणराव देशमुखांनी केंद्रातलं अर्थमंत्रीपद सोडलं. त्यांच्याबद्दल इंग्लिशमध्ये ‘स्टेप्ट डाऊन’ लिहिलंत तर व्याकरण चुकत नाही पण माणूस चुकतो. तिथं ‘रिझाइन्ड इन प्रोटेस्ट’ पाहिजे. त्याच वर्षाच्या शेवटी अरियालूरचा रेल्वे अपघात झाला आणि लालबहादूर शास्त्रींनी रेल्वेमंत्रीपद सोडलं, त्याला ‘रिझाइन्ड, टेकिंग मॉरल रिस्पॉन्सिबिलिटी’. म्हणजे निषेध असो नाहीतर जबाबदारी, कारण ठळक दाखवायचं असेल तिथं रिझाइन. कारण झाकायचं असेल किंवा सांगण्यासारखं काही नसेल तिथं स्टेप डाऊन.

आणि एक, ‘गेव्ह रिझाइन’. हे आपलं पेटंट आहे. मराठीत आपण ‘रिझाइन दिला’, ‘रिझाइन मारला’ म्हणतो, बोलताना काही बिघडत नाही, पण तेच इंग्लिशमध्ये जातं आणि ‘आय हॅव गिव्हन रिझाइन’ होतं. रिझाइन हे क्रियापद, द्यायची वस्तू आहे ती रेझिग्नेशन. उच्चारही बघा, रिझाइनमधला जी मुका आणि रेझिग्नेशनमधला जी बोलतो. ‘आय रिझाइन्ड’ एवढं पुरतं. कागदावर जरा सूट-बूट पाहिजे असेल तर ‘आय हॅव सबमिटेड माय रेझिग्नेशन’. राजीनामा शब्दाचं बरं आहे, मराठीतही राजीनामा, कन्नडमध्येही ‘राजीनामे कोट्ट्रु’, निदान या एका बाबतीत सीमेच्या दोन्ही बाजूंचं एकमत आहे. फक्त हिंदीवाल्यासमोर सांभाळून, त्याच्या कानाला राजीनामा म्हणजे दोन पार्ट्यांमधली तडजोड, तो आपल्याला इस्तीफा म्हणेल.

या घरातले बाकीचे शब्दही पेपरात भेटतात म्हणून थोडक्यात सांगतो. ‘स्टेप असाइड’ म्हणजे बाजूला होणं, बऱ्याचदा चौकशी संपेपर्यंत, परत यायची वाट उघडी ठेवून. मंडळाच्या हिशोबात गोंधळ निघाला आणि खजिनदार म्हणाला की तपासणी होईपर्यंत मी लांब राहतो, तर हा शब्द. ‘स्टेप बॅक’ त्याहून मऊ, अंग थोडं काढून घेणं, पद राहिलं तरी चालेल. ‘स्टँड डाऊन’ ब्रिटिश लोक स्टेप डाऊनच्या जागी वापरतात, शिवाय तिकडचा खासदार पुढची निवडणूक लढवणार नाही म्हणाला की त्यालाही स्टँड डाऊन. आपल्याकडे मात्र हा शब्द वेगळ्याच ओळखीचा आहे. घरात मराठा लाइट इन्फंट्रीतून आलेले कुणी काका असतील तर विचारा, पहाटे आणि संध्याकाळी मोर्चावर सावध बसायचं ते ‘स्टँड टू’ आणि धोका टळला की ‘स्टँड डाऊन’. त्यांना जर सांगितलंत की चेअरमननं स्टँड डाऊन केलं तर ते म्हणतील, बरं झालं, चहा सांगा.

‘क्विट’ हे तोंडावर मारल्यासारखं. हेडिंगला चालतं कारण छोटं आहे, मित्राला सांगायला चालतं, स्वतःच्या अर्जात नको. आणि ‘पुट इन हिज पेपर्स’ हे आपल्या देशातल्या इंग्लिश पेपरांचं लाडकं, त्यावरूनच पुण्या-बेंगळुरात आयटीतली आपली पोरं ‘पेपर टाकला’ म्हणतात. देशाबाहेरच्या क्लायंटला लिहाल तर त्याला कदाचित झेपणार नाही. इंग्लंडकडे ‘हॅन्ड इन युवर नोटीस’ म्हणतात, अमेरिकेत ‘पुट इन माय टू वीक्स’ म्हणतात कारण तिकडे दोन आठवडे आधी सांगायची पद्धत आहे. तुमचा नोटीस पिरियड तीन महिन्यांचा असेल तर ते ‘टू वीक्स’ नक्कल करून पाठवू नका, एचआर खूश होऊन लगेच हिशोब करेल आणि उरलेल्या दिवसांचे पैसे कापून घेईल.

आता प्रत्यक्ष कागद. इथं माझं मत ठाम आहे: बातमी सांगताना स्टेप डाऊन, पण राजीनाम्याच्या पत्रात रिझाइनच. स्टेप डाऊन हे दुसऱ्यानं तुमच्याबद्दल म्हणायचं, नाहीतर तुम्ही भाषणात म्हणायचं. पत्रात तो शब्द टाकला तर वाचणारा विचारात पडतो की हा नुसतं पद सोडतोय की सगळंच. समजा तुम्ही एका क्रेडिट सोसायटीचे संचालक आहात आणि मुलाकडे पुण्याला जायचंय. पत्र चेअरमनच्या नावे, विषयात ‘रेझिग्नेशन फ्रॉम द पोस्ट ऑफ डायरेक्टर’, आणि आत पहिलंच वाक्य असं:

‘आय हिअरबाय रिझाइन फ्रॉम द पोस्ट ऑफ डायरेक्टर ऑफ द सोसायटी विथ इफेक्ट फ्रॉम फर्स्ट एप्रिल.’

त्याच्या खाली कारणाची एक ओळ, ‘ड्यू टू पर्सनल रीझन्स’ पुरेसं आहे, मुलाच्या फ्लॅटचा पत्ता द्यायची गरज नाही. मग आभाराची एक ओळ. मग ताब्यात काय काय आहे, शिक्का, चावी, फाईल, ते कधी देणार. झालं. ‘आय बेग टू स्टेट दॅट’ वगैरे जुन्या तहसीलदारी इंग्लिशचं तोरण लावू नका. पोच घ्या, कॉपीवर तारीख आणि सही घ्या, तोंडी ‘दिला की’ म्हणण्याला काही अर्थ नसतो.

मग तेच ग्रुपवर टाकताना सेक्रेटरी लिहील: ‘अवर डायरेक्टर इज स्टेपिंग डाऊन फ्रॉम द बोर्ड ऑन फर्स्ट एप्रिल. वी थँक हिम फॉर हिज सर्व्हिस.’ बघा, पत्रात रिझाइन, बातमीत स्टेपिंग डाऊन. दोन्ही आपापल्या जागी.

त्या ‘इज स्टेपिंग डाऊन’कडे जरा बारकाईनं बघा. सगळ्यात जास्त घोळ काळाचा होतो. जाहीर करणं एका दिवशी असतं आणि खुर्ची रिकामी होणं दुसऱ्या दिवशी. बोरिस जॉन्सननं ७ जुलै २०२२ ला जाणार म्हणून सांगितलं, पण नवीन माणूस ठरेपर्यंत पंतप्रधान राहिला, गेला ६ सप्टेंबरला. पोप बेनेडिक्टनी ११ फेब्रुवारी २०१३ ला सांगितलं आणि २८ फेब्रुवारीला पद सोडलं. मधल्या दिवसांत ‘स्टेप्ट डाऊन’ लिहिलं तर खोटं होतं, तिथं ‘विल स्टेप डाऊन’ किंवा ‘इज स्टेपिंग डाऊन’ पाहिजे. आणि कधी कधी तो दिवस येतच नाही. शरद पवारांनी २ मे २०२३ ला राष्ट्रवादीचं अध्यक्षपद सोडत असल्याचं जाहीर केलं, कार्यकर्ते रडले-ओरडले, आणि ५ मे ला त्यांनी निर्णय मागं घेतला. ज्यांनी घाईत ‘हॅज स्टेप्ट डाऊन’ लिहिलं त्यांची पंचाईत, ज्यांनी ‘अनाउन्स्ड ही वुड स्टेप डाऊन’ लिहिलं ते सुटले. म्हणून खात्री नसेल तर ‘अनाउन्स्ड’ शब्द पुढं ढाल म्हणून धरा. लगेच जात असेल तर ‘विथ इमिजिएट इफेक्ट’ जोडा.

उलट बाजूचीही एक गल्लत सांगतो. जुलै २०२४ मध्ये बायडन निवडणुकीच्या शर्यतीतून बाहेर पडले तेव्हा आपल्या ग्रुपवर ‘बायडन स्टेप्ट डाऊन’ फिरत होतं. पद सोडलंच नव्हतं, ते २० जानेवारी २०२५ पर्यंत राष्ट्राध्यक्ष होतेच, सोडली ती उमेदवारी. त्याला ‘ड्रॉप्ड आऊट ऑफ द रेस’ किंवा ‘स्टेप्ट असाइड’. आपल्याकडे अर्ज मागं घ्यायच्या दिवशी बंडखोर मागं हटतात त्याला ‘विड्रॉ’, स्टेप डाऊन नाही.

याच शब्दाचे दुसरे अर्थ अंगावर आले तर दचकू नका. हेस्कॉमचा, म्हणजे आपल्या वीज कंपनीचा, खांबावरचा ट्रान्सफॉर्मर, ज्याला आपण टीसी म्हणतो, तो स्टेप-डाऊन असतो, ११ केव्हीची लाईन घराला झेपेल एवढ्या व्होल्टेजवर आणतो, आणि इथं मात्र ‘स्टेप डाऊन द व्होल्टेज’ असं कर्म चालतं. डॉक्टर दम्याच्या औषधाचा डोस हळूहळू कमी करतात त्यालाही स्टेप डाऊन. अमेरिकन सिरीजमध्ये जज साक्षीदाराला ‘यू मे स्टेप डाऊन’ म्हणतो, म्हणजे पिंजऱ्यातून खाली या, कुणाचं पद जात नाही. बसमधून उतरायला मात्र आपलं ‘गेट डाऊन’ किंवा खरं तर ‘गेट ऑफ’.

राहिला एक डॅश, पण तो महागात पडू शकतो. रिझाइनच्या स्पेलिंगमध्ये आर-ई नंतर डॅश टाकला की ते ‘री-साइन’ होतं, म्हणजे परत सही करणं, करार पुढं चालू ठेवणं. फुटबॉलच्या बातम्यांत खेळाडू री-साइन झाला म्हणजे क्लबमध्येच राहिला. मोबाईलवर टाईप करताना ऑटोकरेक्ट असले उद्योग करतो, म्हणून राजीनाम्याचा मेल पाठवायच्या आधी ती एक ओळ डोळे उघडे ठेवून वाचा.